जुनी मियाटा: विकत घेण्यापासून रस्त्यावर आणेपर्यंत, क्रमाने

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिल्या पिढीची माझ्दा मियाटा घ्यायला निघालेल्या मराठी वाचकांसाठी आहे. म्हणजे १९९० ते १९९७ ची मॉडेलं, डोळे उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची. जपानमध्ये हीच गाडी युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. यंत्र साधं आहे, सुटे भाग मिळतात आणि घरच्या गॅरेजमध्ये होण्यासारखं काम आहे. तरी दर वर्षी अनेक गाड्या अर्धवट उघडून विकायला निघतात. कारण एकच: क्रम चुकतो. आधी चाकं येतात, मग स्प्रिंग, मग सायलेन्सर, आणि सहा महिन्यांनी लिफ्टवर चढवल्यावर कळतं की मागच्या चाकापुढचा पत्रा हाताने तुटतोय.

कामाचा क्रम असा: पत्रा, पाणी, ब्रेक, इंजिन, गिअर, सस्पेन्शन. हौस त्यानंतर.

टप्पा १: कोणती घ्यायची ते आधी ठरवा

१९९०–९३ च्या गाड्यांत १.६ लिटरचं ११६ अश्वशक्तीचं इंजिन आहे. १९९४ पासून १.८ लिटर आलं, १२८ अश्वशक्तीचं. १९९६ मध्ये ते १३३ झालं. १९९४ च्या बदलात डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) मोठं आणि दणकट झालं, ब्रेक मोठे झाले, प्रवाशाच्या बाजूलाही एअरबॅग आली. पुढे टर्बो बसवायचा मनात असेल तर १.६ चं लहान डिफरन्शियल तुम्हाला नडणार. नुसती रविवारी फिरवायची असेल तर १.६ हलकी आणि उत्साही आहे. फरक पडत नाही.

१९९६–९७ च्या गाडीला ओबीडी-टू पोर्ट आहे, म्हणजे संगणकातले दोषांचे कोड वाचायची खाच. ज्या राज्यात एमिशन टेस्ट (धुराची तपासणी) लागते तिथे ही सोयही आहे आणि अडचणही, कारण चेक इंजिनचा दिवा लागलेला असला की गाडी नापास. तुमच्या राज्याचा नियम गाडी बघायला जाण्यापूर्वी वाचा.

एक सापळा १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांत आहे. त्यांच्या क्रँकशाफ्टचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. मधला बोल्ट नीट आवळलेला नसेल तर पुलीमागचं गिअर सूक्ष्म हलतं, त्या गिअरला क्रँकवर जखडणारी लोखंडी चावी आपली खाच खात जाते, टायमिंग (वॉल्व्ह आणि ठिणगीची वेळ) भरकटतं आणि शेवटी क्रँकच निकामी होतो. ओळख सोपी आहे. क्रँक पुलीकडे समोरून बघा: चार खाचा दिसल्या तर आखूड टोक, आठ दिसल्या तर लांब. चार खाचांची गाडी लगेच सोडायची गरज नाही. इंजिन चालू असताना मधल्या बोल्टचं डोकं डुगडुगतंय का तेवढं बघा. बाहेरची पुली थोडी हलली तर तिचं रबर सुटलेलं असू शकतं, तो दोष वेगळा आणि स्वस्त. बोल्टचं डोकं हलत असेल तर मात्र निघा.

टप्पा २: बघायला जाताना काय न्यायचं

टॉर्च, लहान आरसा, कापडात गुंडाळलेलं चुंबक, खाली झोपायला पुठ्ठा आणि लिटरभर पाण्याची बाटली. बाटली पिण्यासाठी नाही. १९९६–९७ असेल तर कोड रीडरही घ्या.

मालकाला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा, किंवा निदान दुसऱ्या दिवशी परत या.

टप्पा ३: आधी पत्रा, आणि फक्त पत्रा

इंजिनाचा आवाज ऐकण्याची घाई करू नका. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सीटा तर मिळतातच. तुम्ही पैसे मोजताय ते सांगाड्याचे.

मियाटा सडते ती ठरलेल्या जागी. मागच्या चाकाच्या लगेच पुढे, दाराखालची पट्टी जिथे संपते तिथे. कारण समजून घ्या, म्हणजे शोधता येईल. छतावर पडलेलं पाणी मागे एका प्लॅस्टिकच्या पन्हळीत उतरतं, तिथून सीटबेल्टच्या खांबामागच्या भोकात जातं आणि आतल्या नळीने खाली मागच्या चाकापुढे बाहेर पडतं. पानं, माती आणि छताच्या अस्तराचे धागे त्या नळीत अडकले की पाणी आत तुंबतं. अर्धं गालिच्यात मुरतं, अर्धं पट्टीच्या पोकळीत. गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगावर नाण्याएवढा फोड दिसतो तेव्हा आत तळहाताएवढी जागा गेलेली असते.

आता बाटली काढा. छत अर्धवट उचला, त्या भोकात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. काही सेकंदांत खाली धार दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंना करा. थेंब थेंब आलं, किंवा आलंच नाही, तर सीटांमागचा गालिचा दाबून बघा. ओला किंवा कुबट लागला तर हा दोष जुना आहे. १.६ च्या अमेरिकी गाडीत संगणक प्रवाशाच्या पायाखाली, गालिच्याखालच्या पत्र्याआड असतो, म्हणून ती बाजूही चाचपा.

मग चुंबक. पट्टीच्या मागच्या हातभर भागावर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी भरलेली आहे. नुकताच फासलेला काळा डांबरी थर दिसला तर तो संरक्षणासाठी की झाकण्यासाठी, हे मालकाच्या चेहऱ्याकडे न बघता पत्र्याकडे बघून ठरवा.

डिकी उघडून उजव्या कोपऱ्यातली बॅटरी बघा. या गाडीला वाफ बाहेर सोडणाऱ्या नळ्या जोडलेली सीलबंद बॅटरी लागते. कोणी साधी बॅटरी बसवली असेल तर आम्लाने तळाचा पत्रा खाल्लेला असतो. चटई उचला आणि बोटाने खरवडा.

शेवटी पुढच्या मडगार्डचे आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट. डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला असेल तर भाग काढलेला आहे. अपघात झालेली गाडी वाईटच असते असं नाही, पण किंमत त्या हिशोबाने हवी.

तपासा: पट्टी दोन्ही बाजूंनी टणक, पाणी बाहेर पडतंय, डिकीचा तळ कोरडा. तिन्हीपैकी दोन नसतील तर पुढे बघू नका.

टप्पा ४: इंजिन आणि एक चक्कर

थंड इंजिन सुरू करा. वरच्या बाजूने टकटक आली आणि थोड्या वेळाने थांबली तर घाबरू नका. या इंजिनात तेलावर चालणारे लिफ्टर आहेत आणि रात्रभर उभ्या गाडीत ते रिकामे होतात. खालून येणारा, वेग वाढवला की जड होणारा ठोका वेगळा. तो आला की व्यवहार संपला.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग बघा. नवी असताना काळी असते. तपकिरी किंवा हिरवट झाली असेल तर ती फुटायच्या वाटेवर आहे. किंमत पाडा आणि बदलायचीच असं धरा.

इंजिनाच्या मागच्या बाजूला तेल दिसलं की लोक म्हणतात, ‘क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा.’ थांबा. हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर (कॅमची स्थिती संगणकाला कळवणारा) आहे, त्याची ओ-रिंग कडक होऊन गळते आणि ते तेल नेमकं बेलहाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचावर, उतरतं. एका रबरी कड्याच्या कामासाठी अनेकांनी गिअरबॉक्स उतरवलाय.

तेलाच्या दाबाच्या काट्यावरही एक गोष्ट. १९९४ पर्यंतचा काटा खरा आहे, वेगाबरोबर वरखाली होतो. १९९५ पासूनचा नावापुरता आहे. दाब पुरेसा आहे एवढंच सांगतो. तो मधोमध स्थिर दिसला म्हणून समाधान मानू नका.

चक्कर मारताना थंड गाडीत दुसरा गिअर अडखळतो, हे या गिअरबॉक्सचं नेहमीचंच. गरम झाल्यावरही खर्र होत असेल तर सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणारं कडं) झिजलाय. सिग्नलला क्लच दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला किंवा गाडी पुढे सरकू लागली तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सजवळचा) गेलाय. हा दोष इतका सर्रास आहे की त्यावरून गाडी नाकारू नका. हेडलाइट दोन्ही वर येतात का, काचा किती हळू चढतात, हँडब्रेक उतारावर धरतो का, हे परतल्यावर पाहा.

टप्पा ५: कागद

टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) ‘सॅल्व्हेज’ (भंगारात काढलेली) किंवा ‘रीबिल्ट’ (नंतर दुरुस्त केलेली) असा शिक्का आहे का, कर्ज बाकी आहे का, आणि विकणाऱ्याचं नाव टायटलवर आहे का. तिसऱ्याच्या नावावरचं टायटल घेऊन येणाऱ्याशी व्यवहार नको. डॅशबोर्डवरचा नंबर टायटलशी अक्षर-अक्षर जुळवा.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं.

आणि भारतात परतताना बरोबर नेऊ, हे मनातून काढा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, आणि डाव्या स्टिअरिंगची तर नाहीच.

पैशांचं म्हणाल तर जेवढ्याला गाडी घ्याल त्याच्या निम्मे तरी बाजूला ठेवा. सगळे घालून गाडी घेणारा माणूस दुसऱ्याच महिन्यात ती कापडाखाली झाकतो.

टप्पा ६: उघडण्यापूर्वी

त्या वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. १.६ आणि १.८ चे टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे सगळीकडे सारखे नाहीत.

ज्या बोल्टना हात लावणार आहात त्यांवर दोन दिवस आधी गंज सुटायचं तेल मारून ठेवा, विशेषतः मागच्या सस्पेन्शनच्या अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन ठरवणाऱ्या, बोल्टवर. बोल्ट काढले की त्या-त्या जागेचं नाव लिहिलेल्या पिशवीत.

इशारा: जॅक पुढे क्रॉसमेंबरच्या (इंजिनाखालच्या आडव्या तुळईच्या) मधोमध लावा, मागे डिफरन्शियलच्या घरावर. दाराखालच्या पट्टीला मधेच कुठेही लावला की ती चेपते, रंग फुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज. गाडी स्टँडवर ठेवल्याशिवाय खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

टप्पा ७: पाण्याचा बंदोबस्त

नळ्या साफ करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी किंवा मऊ प्लॅस्टिकची नळी वापरा. वरून खाली, हळू. जोराची दाबाची हवा सोडली तर नळी आतल्या आत निसटते, आणि मग पाणी थेट पोकळीत.

छत बदलायचं असेल तर नळ्या साफ झाल्यावरच, आणि पन्हळीसकट. जुनी पन्हळ काढताना तडकते आणि ती मागवलेली नसेल तर काम अडतं. मूळ प्लॅस्टिकच्या मागच्या काचेचं छत असेल तर पाडण्यापूर्वी चेन उघडून काच आडवी करा. थंडीत तर पाडूच नका. चर्र आवाज आला की काच गेली.

गंज कापूनच काढायचा आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. पुट्टी आणि फोम भरून वर रंग मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. वेल्डिंग येत नसेल तर हे एक काम बाहेर द्या.

तपासा: पाइपने छतावर दहा मिनिटं पाणी सोडा. आतला गालिचा कोरडा राहिला की पुढे चला.

टप्पा ८: ब्रेक आणि क्लच

मागच्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) लोक हमखास चुकतात. पिस्टन साध्या क्लॅम्पने आत दाबायला जातात. तो दाबून जात नाही, कारण त्यात हँडब्रेकचा स्क्रू आहे. कॅलिपरच्या मागे एक झाकणाचा बोल्ट आहे. तो काढा, आत ४ मिमीची एलन की बसते. घड्याळाच्या उलट फिरवलं की पिस्टन मागे जातो. नवे पॅड बसवल्यावर सुलट फिरवत पॅड डिस्कला टेकेपर्यंत आणा, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. हँडब्रेकची केबल त्यानंतर. उलट क्रमाने केलंत, म्हणजे आधी केबल ताणली, तर हँडब्रेक धरल्यासारखा वाटेल आणि पॅड सतत घासत राहतील.

क्लचचा मास्टर सिलिंडर, स्लेव्ह आणि लवचिक होज तिन्ही एकदम बदला. एकटा स्लेव्ह बदलला की काही आठवड्यांत मास्टर गळायला लागतो. नळीचा नट १० मिमीचा आहे आणि मऊ आहे. साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नटचा पाना वापरा.

टप्पा ९: टायमिंग बेल्ट आणि थंडाव्याची व्यवस्था

बेल्टचं आयुष्य ६०,००० मैल धरलं जातं, पण तीस वर्षांच्या गाडीत मैलांपेक्षा वय मोजा. समाधानाची गोष्ट ही की बेल्ट तुटला तरी या इंजिनात वॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत.

एकदाच उघडायचं, म्हणून सगळं एकदम मागवा: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, दोन कॅम सील, क्रँकचं पुढचं सील, वॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग, थर्मोस्टॅट, सगळे होज आणि बाहेरचे पट्टे.

१. कूलंट काढा. वॉटर पंपाच्या पुलीचे बोल्ट पट्टे काढण्याआधी सैल करा. नंतर पुली हाताबरोबर फिरते.

२. स्पार्क प्लग काढा, म्हणजे क्रँक हलका फिरतो. फिरवायचा तो फक्त घड्याळाच्या दिशेने.

३. कॅम पुल्यांवरची ‘आय’ (I) आणि ‘ई’ (E) अक्षरं मागच्या पत्र्यावरच्या खुणांशी जुळवा, क्रँकची खूणही जुळवा. फोटो काढा.

४. आखूड टोकाचा क्रँक असेल आणि पुढचं सील कोरडं असेल तर मधल्या बोल्टला हात लावू नका. पुली छोट्या बोल्टवर निघते.

५. सील बसवताना ओठाला तेल लावा आणि कडेच्या पातळीतच ठेवा, खोल ठोकू नका.

६. नवा बेल्ट चढवल्यावर ‘आय’ आणि ‘ई’ या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात आले पाहिजेत. मोजा. अठरा किंवा वीस आले तर इंजिन सुरू होईल, पण गुरगुरत चालेल, दम नसेल, आणि तुम्ही महिनाभर इग्निशन तपासत बसाल.

७. टेन्शनर मॅन्युअलप्रमाणे ताणून आवळा. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. दोन पुल्यांमधला बेल्ट दहा किलोच्या जोराने दाबल्यावर ९ ते ११.५ मिमी दबला पाहिजे.

८. वॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटला सगळीकडे सीलंट फासू नका. कॅमच्या पुढच्या आणि मागच्या टोपणांशी जिथे कोपरे येतात तिथे थेंब थेंब पुरे. बोल्ट फक्त ५ ते ९ न्यूटन-मीटर. ‘अजून थोडं’ म्हणून आवळलं की अॅल्युमिनियममधले आटे जातात.

९. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या बुडाशी आणि हेडवर रंगाची एक रेघ ओढा. बसवताना रेघ जुळली की टायमिंग जवळपास पूर्वीइतकं राहतं.

कूलंट सुमारे ६ लिटर लागतं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे. गाडीचं नाक वर उचला, हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. हीटरमधून थंड हवा आली तर आत हवा अडकली आहे.

मग टायमिंग लाइट. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद. बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत ‘टेन’ (TEN) आणि ‘ग्राउंड’ (GND) हे दोन पॉइंट तारेने जोडा. आयडल मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास आणि टायमिंग पिस्टन वर पोहोचण्याच्या १० अंश आधी आलं पाहिजे. ती तार न जोडता मोजणारे बरेच असतात. तेव्हा संगणक स्वतःच टायमिंग हलवत असतो आणि वाचलेला आकडा निरर्थक असतो. लोक १४ अंशांवर नेतात हे खरं, पण आधी १० वर गाडी नीट चालू द्या.

टप्पा १०: गिअर आणि डिफरन्शियलचं तेल

भरायचा बोल्ट आधी उघडा, मगच खालचा. वरचा अडकून बसला आणि तेल खाली वाहून गेलं तर गाडी जागची हलत नाही. गिअरबॉक्समध्ये २ लिटर, जीएल-४ दर्जाचं ७५-डब्ल्यू-९०. डिफरन्शियलमध्ये जीएल-५: १.६ ला सुमारे ०.६५ लिटर, १.८ ला १ लिटर.

याच वेळी गिअरच्या दांड्याखालचे रबरी बूट बदला. फाटलेल्या बूटमधून आत येणारी गरम हवा आणि आवाज लोक एसीचा दोष समजतात.

टप्पा ११: सस्पेन्शन, टायर, अलाइनमेंट

बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) बदलताना बोल्ट हाताने बसवून सोडा. गाडी चाकांवर उभी करा, मगच शेवटचं आवळा. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश लवकर फाटतात.

टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी खोल दिसली तरी दहा वर्षांचा टायर वापरू नका. मूळ माप १८५/६०-१४.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. दुकानात नेण्यापूर्वी चारही चाकांचे अलाइनमेंटचे बोल्ट फिरतात का, ते घरी पाहून घ्या. अडकलेला एक बोल्ट तासाभराचं काम दिवसावर नेतो.

टप्पा १२: पहिले ५०० मैल

लांबच्या सहलीला लगेच नेऊ नका. पहिल्या ५० मैलांनंतर चाकांचे नट परत आवळा, थंड इंजिनात कूलंटची पातळी बघा. १०० मैलांनी क्लच आणि ब्रेकच्या प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. ओला डाग आला तर तो जोड गळतोय. ५०० मैलांनी इंजिन ऑइल बदला आणि जुनं तेल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात बघा. पहिल्या पावसानंतर मात्र दुसरं काही करण्याआधी सीटांमागच्या गालिच्यात हात घाला.